बोलावणारा कोण? अमेरिकेतल्या आपल्या माणसांकडे जाण्याचे व्हिसाचे रस्ते

पुण्यात, साताऱ्यात, ठाण्यात, कुठेही चार निवृत्त माणसं बाकावर बसली की अमेरिकेच्या व्हिसाचा विषय निघतोच. एकजण सांगतो, 'आम्हाला दहा वर्षांचा मिळाला, दोन मिनिटांत काम झालं.' दुसऱ्याच्या मेव्हण्याची फाइल एकोणीस वर्षं पडून आहे. तिसऱ्याची सून लग्नानंतर तीन महिन्यांत गेली. चौथ्याची लेक लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी माहेरीच, आणि जावई तर म्हणे ग्रीन कार्डवाला. हे चौघेही खरंच बोलत असतात. फक्त प्रत्येकाचा व्हिसा वेगळा असतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून जाणारा कोण, हे नंतर विचारावं. आधी विचारावं की बोलावणारा तिथे कोणत्या कागदावर राहतोय. तो विद्यार्थी आहे, एच-१बीवर नोकरीला आहे, त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, की तो अमेरिकेचा नागरिक झालाय? आई तीच आणि मुलगाही तोच, पण मुलाच्या हातातला कागद बदलला की आईसाठी उघडणारं दार बदलतं. समजा, सांगलीचा एक मुलगा एमएस करायला गेला. त्याच्या मागोमाग आपण पायरी पायरीने जाऊ.

त्याआधी एक मोठी विभागणी लक्षात घ्यायला हवी. जाऊन परत येण्याचे व्हिसा वेगळे आणि कायमचं राहायला जाण्याचे वेगळे. पहिल्या गटात पर्यटक, विद्यार्थी, नोकरदार आणि त्यांची बायकामुलं येतात. दुसऱ्या गटातला माणूस विमानतळावर उतरतो तोच ग्रीन कार्डाचा हक्क घेऊन. पहिल्या गटासाठी अमेरिकेच्या कायद्यात २१४-बी नावाचं कलम आहे. समोर उभा असलेला माणूस तिथेच राहायच्या बेताने चाललाय असं अधिकाऱ्याने धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्या माणसाने पटवून द्यायचं, असा त्याचा मतलब. म्हणजे संशय हा नियमच आहे, अधिकाऱ्याचा खडूसपणा नव्हे. एच-१बीवाल्यांना, एल-१वाल्यांना (म्हणजे कंपनीनेच बदली करून पाठवलेल्यांना) आणि त्यांच्या कुटुंबाला या कलमातून सूट आहे. आई-वडिलांना नाही.

आता आपला मुलगा. शिकत असताना तो एफ-१ व्हिसावर आहे. त्याचं लग्न झालेलं असेल तर बायको एफ-२वर जाऊ शकते. तिला नोकरी करता येत नाही, पूर्ण वेळ शिकताही येत नाही. शिकायचंच असेल तर तिला स्वतःचा एफ-१ काढावा लागतो. दोघांच्या खर्चाची सोय आधी दाखवावी लागते. शिक्षणकर्ज काढून गेलेल्या मुलाला हे बहुधा झेपत नाही, त्यामुळे या वाटेने जाणारे थोडेच.

शिक्षण संपलं, नोकरी लागली, लॉटरीत नाव आलं आणि एच-१बी मिळाला. मग बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांच्यासाठी एच-४. आपल्याकडच्या बहुतेक सुना आजवर याच व्हिसावर गेल्या. त्याला कोट्याची रांग नाही. लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या मंजुरीची प्रत, पगाराच्या पावत्या, लग्नाचे फोटो आणि मुलाखतीची तारीख मिळाली की झालं. एच-४वर हवं ते शिकता येतं. नोकरी मात्र सरसकट करता येत नाही. मे २०१५ पासून असा नियम आहे की नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल, किंवा त्या प्रक्रियेमुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला असेल, तर बायकोला कामाचा परवाना मागता येतो. इथे इंजिनिअर म्हणून काम करणाऱ्या कितीतरी मुली तिथे गेल्यावर काही वर्षं घरी बसतात, त्याचं कारण हे. मुलगी देताना पॅकेज विचारतात, आय-१४० झालाय का हे कोणी विचारत नाही. विचारावं.

कंपनीनेच बदली करून एल-१वर पाठवलं असेल तर बायकोचं नशीब बरं. एल-२वरच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळा परवाना न काढता काम करता येतं.

एच-४चं दुसरं दुखणं मुलांचं. दोन वर्षांची असताना नेलेली मुलगी तिथल्या शाळेत वाढते, आणि २१ वर्षांची झाली की तिचा एच-४ संपतो. तोवर बापाचं ग्रीन कार्ड झालेलं नसेल तर तिला विद्यार्थी व्हिसा वगैरे काहीतरी स्वतःचं बघावं लागतं. भारतीयांची नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की २०२५ मध्ये ईबी-२ या उच्चशिक्षित नोकरदारांच्या गटात २०१२-१३ सालचे अर्ज निघत होते. हिशेब करून बघा.

आणि आई-वडील? एच-१बीवाल्याच्या आई-वडिलांसाठी वेगळा कौटुंबिक व्हिसा नाही. त्यांच्यासाठी एकच रस्ता, बी-२, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा. मुलगा विद्यार्थी असो, एच-१बीवर असो की ग्रीन कार्डवर, आई-वडिलांना हाच.

बहुतेक घरांची गाठ याच व्हिसाशी पडते, म्हणून इथे थोडं थांबू. डीएस-१६० नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर फी भरायची, एक दिवस फोटो आणि बोटांचे ठसे द्यायला जायचं, आणि दुसऱ्या तारखेला मुलाखत. मुंबईत ती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. ब्रीच कँडीच्या फुटपाथवरची रांग ज्यांना आठवते त्यांनी सोडून द्यावी. २०११ मध्ये वकिलात तिथून हलली. सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्यांना मिळणारी मुलाखतीची सरसकट माफीही बंद झाली आहे, त्यामुळे ऐंशीच्या आजींनाही खिडकीपाशी उभं राहावं लागतं.

खिडकीपाशी काय होतं? वडिलांच्या काखेत जाडजूड फाइल असते. त्यात सातबारा, एफडीच्या पावत्या, फ्लॅटचं अॅग्रीमेंट, पेन्शनचं पुस्तक, मुलाचं निमंत्रणपत्र, शिवाय मुलाच्या कंपनीचं पत्र. काचेपलीकडचा अधिकारी त्यातलं बहुतेक काही मागत नाही. तो डीएस-१६० वाचून बसलेला असतो. कुठे चाललात, कोणाकडे, मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, आधी कुठे परदेशात गेला होतात का, इथे घरी कोण असतं, एवढेच प्रश्न. इंग्रजीचा धाक असेल तर मराठीत बोलायचंय असं सांगावं, दुभाषा मिळतो. दोन-तीन मिनिटांत हो किंवा नाही. निमंत्रणपत्राची सक्ती नाही आणि त्यावर व्हिसा ठरतही नाही. मुलाने तिथे रात्री जागून नोटरी वगैरे करून ते पाठवायची गरज नाही.

खरा घोळ होतो तो उत्तर पाठ करून गेल्यामुळे. सुनेचं बाळंतपण आहे आणि आजी सहा महिन्यांसाठी चालली आहे. कोणीतरी कानात सांगतं की बाळंतपणाचा उल्लेखही करू नकोस, नायगारा बघायला चालले म्हण. फेब्रुवारीत नायगारा! अधिकारी रोज असे शेकडो नायगारे ऐकतो. सून बाळंत होणार आहे, तिच्यापाशी राहायला चालले, अमुक महिन्यात परत येणार, इकडे नवरा आहे, घर आहे, हे सरळ सांगण्यात काही गैर नाही. पगार घेऊन मुलं सांभाळणं म्हणजे काम, आणि ते या व्हिसावर चालत नाही. नातवाला मांडीवर घेणं म्हणजे काम नव्हे. पण दर वर्षी सहा महिने पाळणाघराऐवजी आजी, असा घरचा बेत असेल तर अधिकाऱ्याला तो दिसतो. आणि खोटं सापडलं तर तो नुसता नकार राहत नाही. फसवणुकीचा शिक्का बसला की अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं, आणि पुढे मुलगा नागरिक झाला तरी तो शिक्का आडवा येतो.

नकार मिळाला तर हातात एक छापील कागद येतो, त्यावर २१४-बीचा उल्लेख. अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, फी पुन्हा भरून. पण दरम्यान परिस्थितीत काही बदललं नसेल तर पुढच्याच महिन्यात परत जाण्यात फारसा अर्थ नाही.

व्हिसा मिळाला. दहा वर्षांचा, कितीही वेळा जायचा. इथे फार मोठा गैरसमज आहे. दहा वर्षं ही दारापर्यंत जाण्याची मुदत, घरात राहण्याची नव्हे. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. पर्यटकाला साधारणपणे सहा महिने देतात. ही नोंद आता ऑनलाइन असते. उतरल्यावर त्याच आठवड्यात मुलाने ती उघडून तारीख बघावी, छापून फ्रिजवर लावावी. त्या तारखेपुढे एक दिवस जरी राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द धरला जातो. १८० दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. आजारपणामुळे किंवा कशाने राहावंच लागणार असेल तर तारीख उलटण्याआधी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज करायचा.

दोन भेटींमध्ये किती अंतर असावं याचा लेखी नियम नाही. पण सहा महिने तिथे, दोन महिने इथे, परत सहा महिने तिथे, असं केलं तर हा माणूस पाहुणा नसून राहायलाच आलाय असं विमानतळावर वाटणारच, आणि विमानतळावरून परत पाठवायचा अधिकार त्यांना आहे.

विम्याबद्दलही सांगायला हवं. पाहुण्यांसाठीचा आरोग्य विमा आधीपासूनच्या आजारांना बहुधा हात लावत नाही, फार तर अचानक उद्भवलेल्या त्रासापुरतं काहीतरी देतो. बीपी, शुगर, बायपास झालेल्या माणसाने ती बारीक अक्षरं स्वतः वाचावीत. तिथल्या हॉस्पिटलात दोन रात्री काढल्या तर बिल हजारो डॉलरांत येतं, आणि ते रुपयांत मोजण्याची हिंमत होत नाही.

आता मुलाला ग्रीन कार्ड मिळालं. घरी पेढे वाटले. इथेच कायद्याची एक गंमत आहे, गंमत म्हणजे ज्याच्यावर येते त्याला रडू येतं. आपल्या स्थळांच्या बाजारात ग्रीन कार्डवाल्याचा भाव एच-१बीवाल्यापेक्षा वरचा. पण ग्रीन कार्ड हातात आल्यानंतर लग्न केलं तर बायकोला न्यायला एच-४सारखा झटपट व्हिसा नाही. तिच्यासाठी आय-१३० अर्ज भरून एफ-२ए नावाच्या रांगेत उभं राहायचं. (विद्यार्थ्याच्या बायकोचा एफ-२ निराळा. नावं कोणी ठेवली कोण जाणे.) या गटाला वर्षाला ठरावीकच जागा आहेत आणि २०२५ मध्ये ही रांग साधारण दोन-तीन वर्षांची होती. मधल्या काळात तिने पाहुण्यांचा व्हिसा मागितला तर अधिकारी म्हणणार, नवरा तिथे, कायमचा अर्ज दाखल, तू परत कशाला येशील? बाकावरच्या चौथ्या गृहस्थांची लेक माहेरी का आहे ते आता कळलं असेल.

सुटका एका गोष्टीत आहे, तारखेत. ग्रीन कार्ड मंजूर व्हायच्या आधी लग्न झालेलं असेल तर नोकरीतून मिळालेल्या त्याच ग्रीन कार्डात बायकोचा हक्क असतो. ती त्याच्याबरोबर किंवा त्याच्या मागून जाऊ शकते, वेगळी रांग नाही. त्यामुळे ज्या मुलाची ग्रीन कार्डाची तारीख जवळ आली आहे आणि लग्नही ठरलं आहे, त्याने मुहूर्त आणि व्हिसा बुलेटिन (कोणत्या तारखेचे अर्ज निघताहेत ते सांगणारं अमेरिकेचं दरमहाचं सरकारी पत्रक) दोन्ही शेजारी ठेवून बघावेत. साखरपुडा चालत नाही, कायदेशीर लग्न लागतं. आधी नोंदणी करून घेऊन समारंभ नंतर करणारी घरं आता कमी नाहीत, आणि मला त्यात शहाणपणच दिसतं.

ग्रीन कार्डवाला आणखी कोणाला बोलावू शकतो? मुलांना, ती अविवाहित असतील तोवर. २१ वर्षांखालची एफ-२एमध्ये, वरची एफ-२बीमध्ये. आई-वडिलांना नाही. भाऊ-बहिणींना नाही. लग्न झालेल्या मुलामुलींना नाही.

आई-वडिलांना कायमचं न्यायचं तर मुलाला आधी अमेरिकेचा नागरिक व्हावं लागतं आणि त्याचं वय किमान २१ हवं. ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी, किंवा नागरिक जोडीदाराबरोबर संसार असेल तर तीन वर्षांनी, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे त्या शपथेबरोबर भारतीय नागरिकत्व जातं, पासपोर्ट जमा करावा लागतो आणि हातात ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड येतं. ओसीआयवर इथे राहता येतं, फ्लॅट घेता येतो, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. सांगलीच्या मुलाला द्राक्षबाग घ्यायची असेल तर ती त्याने आधी घ्यावी.

नागरिक झाल्यावर मात्र तीन नात्यांना रांगच उरत नाही. नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं, आणि आई-वडील. यांच्यासाठी वार्षिक मर्यादा नाही. आय-१३० भरायचा (कागदावर ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५, हे दर एप्रिल २०२४ पासूनचे), तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथे फॉर्म, फी आणि कागद, मग मुंबईत मुलाखत. रांग नसली तरी कामाला वेळ लागतोच, वर्ष ते दोन वर्षं धरून चालावं. आई आणि वडील यांचे अर्ज वेगवेगळे. आणि आईच्या अर्जात धाकट्या बहिणीला जोडता येत नाही, ती शाळकरी असली तरी.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत बायको तिथे पोचली तर तिला मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच असतं. ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरून लग्न टिकून आहे हे दाखवायचं. लग्नाआधीच न्यायचं असेल तर नागरिकांना के-१ हा वाग्दत्तांचा व्हिसा आहे. गेल्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत, आणि तिथे उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न व्हायला हवं. व्हिडिओ कॉलवर जमलेल्या लग्नांना ही अट नडते.

आता पैशाची हमी. कायमच्या व्हिसासाठी बोलावणाऱ्याला आय-८६४ हे हमीपत्र द्यावं लागतं. त्याचं उत्पन्न गरिबीच्या सरकारी पातळीच्या सव्वापट हवं, आणि घरात माणसं जितकी जास्त तितकी ही रक्कम जास्त. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि येणारे आजी-आजोबा अशा सहा जणांच्या घराला २०२५ च्या दरांनुसार साधारण ५४ हजार डॉलर वार्षिक उत्पन्न दाखवावं लागत होतं. आयटीतल्या माणसाला हा आकडा मोठा नाही. पण हा कागद साधा नाही. आई-वडील नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या खात्यावर तिथल्या कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत, किंवा ते देश कायमचा सोडेपर्यंत ही हमी मुलाच्या गळ्यात राहते. सत्तरीतले वडील ४० तिमाह्या कुठे भरणार?

पण आई-वडिलांनी ग्रीन कार्ड घ्यावं का? मिळतंय म्हणून घेतलेलं ग्रीन कार्ड पुष्कळांना पुढे जड जातं. ते राहण्यासाठी आहे, ये-जा करण्यासाठी नव्हे. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परतताना प्रश्न विचारतात; री-एंट्री परमिट (परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता वर्षभर बाहेर राहिलात तर ग्रीन कार्ड सोडून दिलं असं धरतात. हे परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ज्यांना दिवाळी ते गुढीपाडवा कोथरूडमध्ये आणि उन्हाळा न्यू जर्सीत हवा आहे, त्यांना दहा वर्षांचा पाहुण्यांचा व्हिसाच सोयीचा. ग्रीन कार्ड घ्यावं ते दोघांतला एक जण मागे राहिला असेल, इथे बघणारं कोणी नसेल, आणि तिथेच राहायचं मनाशी पक्कं असेल तेव्हा. सरकारी आरोग्य योजना, मेडिकेअर, ६५ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकालाही सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावरच हप्ता भरून घेता येते. तोवर बाजारातला विमा. आणि एकदा आय-१३० भरला की पाहुण्यांच्या व्हिसाचं नूतनीकरण अवघड होतं, कारण राहायचा इरादा तुम्हीच लिहून दिलेला असतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाहीत.

पाहुण्यांच्या व्हिसावर जाऊन तिथेच ग्रीन कार्डाचा अर्ज करावा, असं एजंट सुचवतात. कायद्यात त्याला जागा आहे, पण निघतानाच तो बेत असेल तर विमानतळावर 'फिरायला आलोय' म्हणणं हे खोटं ठरतं. त्याचे परिणाम वर सांगितलेच आहेत.

राहिली भावंडं. नागरिक झालेला भाऊ बहिणीसाठी अर्ज करू शकतो, एफ-४ या गटात. जगभरासाठी वर्षाला ६५ हजार जागा, आणि कोणत्याही एका देशाला एकूण जागांच्या सात टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भारताला आणि लक्झेंबर्गला मर्यादा एकच. त्यामुळे २०२५ मध्ये भारताच्या एफ-४ रांगेत २००६ सालचे अर्ज निघत होते. बाकावरच्या दुसऱ्या गृहस्थांच्या मेव्हण्याची एकोणीस वर्षं ती हीच.

अर्ज भरला तेव्हा बहिणीचा मुलगा पाच वर्षांचा होता, आता चोवीस. २१ ओलांडली की तो आईच्या अर्जातून बाहेर पडतो. त्याला वाचवू शकतो तो २००२ चा एक कायदा. त्याचा हिशेब असा: नंबर लागला त्या दिवशीच्या वयातून, आय-१३० मंजूर व्हायला सरकारने जितका वेळ घेतला तितका वजा करायचा. मंजुरीला चार वर्षं लागली असतील तर चोवीस वजा चार, म्हणजे वीस. मुलगा आईबरोबर जातो. अर्ज सहा महिन्यांत मंजूर झाला असेल तर तो राहतो इथेच. सरकारी खात्याच्या ढिलाईचा असा फायदा दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही. अर्थात तो अविवाहित हवा, आणि नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत पुढची पावलं उचलायला हवीत.

आणि मधल्या काळात अर्ज करणारा भाऊच गेला तर? बहीण भारतातच राहत असेल तर अर्ज साधारणपणे त्याच्याबरोबर संपतो. माणुसकीच्या आधारावर तो जिवंत करण्याची विनंती करता येते, हक्क म्हणून नाही.

दुसरा सापळा एफ-२बीचा. आई-वडिलांना मुलामुळे ग्रीन कार्ड मिळालं, त्यांनी मागे राहिलेल्या अविवाहित धाकट्या मुलीसाठी अर्ज केला. वर्षं चालली. मुलीचं वय वाढतंय, स्थळं येताहेत. आई किंवा वडील नागरिक होण्याआधी तिने लग्न केलं तर अर्ज रद्द, कारण ग्रीन कार्डवाल्याला विवाहित मुलीसाठी गटच नाही. नागरिक झाल्यावर लग्न केलं तर अर्ज नागरिकांच्या विवाहित मुलांसाठीच्या एफ-३मध्ये सरकतो, रांग आणखी लांबते, पण निदान जिवंत राहतो. लग्न लपवून मुलाखतीला गेलेल्यांचे हाल विचारू नयेत.

बाकीच्या देशांचं थोडक्यात, कारण बोलावणारा कोण हा प्रश्न तिथेही आहे पण उत्तरं वेगळी आहेत. कॅनडात आई-वडिलांना बोलावायला नागरिक व्हावं लागत नाही, कायम रहिवासी असलं तरी पुरतं. कायमच्या वाटेला जागा फार थोड्या, पण आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मुलाचं ठरावीक उत्पन्न आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. ब्रिटनमध्ये जोडीदाराला नेण्यासाठीची उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेली, बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येणं त्याच वर्षी जानेवारीत बंद झालं, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांची वाट नावापुरतीच उरली आहे: त्यांना रोजच्या शुश्रूषेची गरज आहे आणि पैसे पाठवूनही ती भारतात मिळत नाही, हे सिद्ध करायचं. ऑस्ट्रेलिया आधी तुमची मुलं मोजतो. निदान निम्मी तिथे कायमची राहत असली पाहिजेत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा जास्त तिथे. मग भरमसाट फीची रांग किंवा तिसेक वर्षांची रांग, यातली एक निवडा. जर्मनीत जोडीदाराला बहुधा ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन लागतं, म्हणून पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात नवविवाहित मुली दिसतात. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) असेल तर ती अट नाही. आखातात पगार बघतात आणि नोकरी गेली की कुटुंबाचाही परवाना जातो.

देश कोणताही असो, आपल्या लोकांचं घोडं अडतं ते कागदांपाशी. आईसाठीच्या अर्जात मुख्य कागद असतो मुलाचा जन्मदाखला, त्यात आईचं नाव हवं. वडिलांसाठी त्याबरोबर त्यांचा लग्नाचा दाखलाही. आता १९८२ सालचा दाखला काढला तर बाळाच्या नावाची जागा कोरी, नुसतं 'पुरुष' लिहिलेलं, आणि आईचं नाव 'मंदा'. पासपोर्टवर ती मंदाकिनी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर नवऱ्याच्या नावापुढे 'राव', बँकेत नुसती अक्षरं. आपल्याला ही सगळी एकच बाई आहे हे न सांगता कळतं. मुंबईतल्या अधिकाऱ्यालाही सवयीने कळत असावं, पण त्याला कागद हवा. नगरपालिकेत अर्ज करून जन्मनोंदीत नाव घालून घेता येतं. नोंदच नसेल तर 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा आणि त्याबरोबर जुन्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं व शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. नावांच्या फरकासाठीही प्रतिज्ञापत्र. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल तर ती आधी दुरुस्त करावी, नाहीतर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) ही तीन अक्षरं छापून येतात आणि तिथल्या बँकेपासून दवाखान्यापर्यंत आजींना त्याच नावाने हाका मारतात.

आई-वडिलांच्या लग्नाची नोंद बहुधा नसतेच. ती आताही करता येते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार घेऊन विवाह नोंदणीच्या कार्यालयात जायचं. पत्रिका ट्रंकेच्या तळाशी, जुन्या शालूच्या घडीत सापडते असा अनुभव आहे. मिळालेल्या दाखल्यावर लग्नाची तारीख जुनी आणि नोंदणीची नवी असते, त्याला हरकत नसते.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून काढायचा. वैद्यकीय तपासणी मात्र आपल्या फॅमिली डॉक्टरकडची चालत नाही, वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, आणि ती घाईने उरकू नये. कायमच्या व्हिसाची मुदत या तपासणीच्या तारखेला बांधलेली असते, साधारण सहा महिने, आणि तेवढ्यात अमेरिकेत एकदा उतरावंच लागतं. घर भाड्याने द्यायचं, गॅस बंद करायचा, पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा, दातांची कामं उरकायची, हे सगळं त्या सहा महिन्यांत बसवायचं असतं. म्हणून मुलाखतीची तारीख हातात आल्यावरच तपासणीची वेळ घ्यावी.